वाट्याचं दूध

शर्वरीला तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा धाप लागली, आणि त्या दिवसापासून भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या घरात एक वाक्य ठाण मांडून बसलं. वाक्य वच्छलाबाईंचं होतं. नात खोकायला लागली, तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, की त्या देवघरातूनच म्हणायच्या, "आजोळचं हाय ते. आमच्या सात पिढ्यांत दमा नव्हता कोनाले."

आजोळ म्हणजे चरोद्याची रेल्वे कॉलनी. प्राचीचे वडील देवीदास यार्डात डबे जोडायचं काम करून निवृत्त झालेले. त्यांना बिडीचा खोकला होता, दमा नव्हता. पण वच्छलाबाईंना खोकला पुरेसा होता. प्राची सुरुवातीला रडली, मग भांडली, मग गप्प राहायला शिकली. ती गप्प झाली म्हणजे विसरली, असं घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं.

घर थोरल्या दिराचं, धनंजयचं. तो कारखान्यात अधिकारी, म्हणून क्वार्टर मोठं. प्राचीचा नवरा सुशील त्याच कारखान्यात बाबू. त्यालाही वेगळं क्वार्टर मिळालं असतं. पण सासरे मारोतराव गेल्यावर वच्छलाबाईंनी दोन्ही मुलांना बजावलं होतं की माझ्या डोळ्यांदेखत या घरात दोन चुली होणार नाहीत. तेव्हा एका स्वयंपाकघरात दोन सुना वावरत होत्या. थोरली उत्कर्षा, अमरावतीची, शाळेत इंग्रजी शिकवणारी. तिचा मुलगा कौस्तुभ शर्वरीपेक्षा जेमतेम दोन आठवड्यांनी लहान. दोघं आठ वर्षांची, पण शेजारी उभी केली तर पोरगा दहाचा वाटायचा आणि पोरगी सहाची. कौस्तुभ पोहण्यात शाळेत पहिला. शर्वरीच्या दप्तरात दम्याचा पंप असायचा.

त्या हिवाळ्यात शर्वरीला वर्गातच जोराची धाप लागली. शाळेतून फोन आला आणि प्राची तिला घेऊन दुर्गला एका नव्या बालरोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टर तरुण होते, शांत होते. वाफ देऊन पोरीचा श्वास बसवल्यावर त्यांनी अगदी जन्मापासूनची चौकशी सुरू केली.

"माँ का दूध कितने महीने पिया?"

प्राची खाली बघून म्हणाली, "पंद्रह दिन भी नहीं."

"क्यों? दूध आया नहीं था?"

"आया था," प्राची म्हणाली. "बहुत आया था."

ते दूध कुठं गेलं हे तिनं आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी प्राची बाळंत होऊन घरी आली आणि लगेच उत्कर्षाचं दुखणं उभं राहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, औषधांवर औषधं घेऊन तिला दिवस गेले होते. आठव्या महिन्यात झटके आले. रायपूरला नेलं, पोट फाडून मूल काढलं. मूल तळहाताएवढं, काचेच्या पेटीत. उत्कर्षा अतिदक्षता विभागात, शुद्ध नाही. तिथल्या नर्सनं सांगितलं की अशा मुलाला आईचं दूध मिळालं तर फार बरं. वच्छलाबाई संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या आणि चपला न काढता प्राचीच्या खोलीत शिरल्या.

"तुही पोरगी धडधाकट हाय," त्या म्हणाल्या. "तिले डब्याचं दूध चालते. त्या लेकराले दुसरं काही चालत नाही. उद्यापासून तुहं दूध रायपूरले जाईल."

प्राची तेव्हा तेवीस वर्षांची. घरात नवी, रेल्वेतल्या पॉइंट्समनची मुलगी, अधिकाऱ्याच्या घरात आलेली. तिनं सुशीलकडे पाहिलं. सुशील म्हणाला, "आई म्हणते तसं कर. लेकरू वाचलं पाहिजे." ती हो म्हणाली. खरं तर त्या वेळी तिला बरंच वाटलं होतं. आपल्यावाचून या घराचं अडलंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. धनंजय रोज सकाळी बर्फाच्या डब्यात तिचं दूध घेऊन जायचा आणि जाताना तिला नमस्कार करायचा. दीड महिन्यानं मूल घरी आलं तेव्हा वच्छलाबाईंनी ते थेट तिच्याच पदराखाली दिलं. शर्वरी शेजारी पाळण्यात बाटली चोखत असायची. एकदा प्राचीनं हळूच तिला जवळ घेतलं, तर सासूनं पदर बाजूला करून पाहिलं आणि पोरगी उचलून नेली. "त्याचा वाटा हाय तो," म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप तो दोनों को पिला सकती थीं. बच्चा जितना खींचता है, दूध उतना बनता है."

प्राचीनं खुर्ची पुढं ओढली.

"मिला होता तो दमे का खतरा शायद थोडा कम होता. शायद," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पुढचं सांगत राहिले. घराण्यात ॲलर्जी आहे का, घरात धूर होतो का, बाहेरून येऊन अशा कारखान्याच्या गावी राहिलेल्या कुटुंबांतल्या मुलांना कशाकशाचा त्रास होतो, एकाच गोष्टीवर बोट का ठेवता येत नाही. प्राचीच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिच्या डोक्यात दोनच गोष्टी बसल्या: खतरा कमी होता, आणि दोघांनाही पाजता आलं असतं.

घरी आल्यावर तिनं सुशीलला सांगितलं. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "आता ते उकरून काय भेटनार आहे?"

"मले भेटनार आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली, तुमची आई माह्या बापाले शिव्या देऊन राहिली."

"हळू बोल."

"आठ वर्षं हळूच बोलली."

त्यानं आवाज परत वाढवला.

यानंतरचे दिवस घरात वाईट गेले. प्राची कौस्तुभच्या ताटात वाढताना डाव आपटायला लागली. तो "काकू, और दो ना" म्हणाला, की ते दुधाचं तिच्या ओठांवर येऊन थांबायचं. त्याची रुंद छाती, त्याचं धावणं, जिना चढून आल्यावरही न फुललेला श्वास, हे सगळं तिला चोरीच्या मालासारखं दिसायला लागलं. पोराचा काही दोष नाही हे तिला कळत होतं, पण त्यामुळे राग उतरत नव्हता.

जानेवारीत कौस्तुभची राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी निवड झाली. उत्कर्षानं रविवारी जेवण ठेवलं. महाराष्ट्र मंडळातल्या दहा-बारा बायका आल्या, त्यांची मुलं आली. श्रीखंड, वडे, मसालेभात. सगळं रांधणं प्राचीच्या अंगावर पडलं, कारण उत्कर्षा पाहुण्यांत होती. बैठकीत कुणीतरी कौस्तुभच्या दंडाला हात लावून म्हणालं, "काय तब्येत कमावली पोरानं! आठव्या महिन्यातला वाटतच नाही."

उत्कर्षा हसली. "सुरुवातीला खूप जपलं ना. दीड वर्षं अंगावर पाजलं त्याला."

वच्छलाबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "रगत कोनाचं हाय! नाहीतर आमची दुसरी पाहा. तिच्यात चरोद्याचा धूर उतरला." बायका हसल्या. शर्वरी तिथंच, दाराशी, हातात वाटी घेऊन उभी होती. तिनंही थोडं हसून पाहिलं.

प्राची पुऱ्यांचं ताट घेऊन आत येत होती. तिनं ताट टीपॉयवर ठेवलं.

"रगत कोनाचंही असू द्या, आई," ती म्हणाली. "दूध माह्यं हाय."

कुणाला कळलं नाही. कुणीतरी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे ताईंनी याला दीड वर्षं काय, एक दिवस पाजलेलं नाही. मी पाजलं. माझ्या पोरीच्या तोंडातून काढून पाजलं. हिला डब्याचं दूध दिलं या बाईनं. आणि डॉक्टर म्हणाले, म्हणून हिला दमा झाला."

शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं. ते तिनं तिथं उभ्या उभ्या तयार केलं, आणि बोलताना तिला ते खरंच वाटलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं आपल्या मुलाला जवळ ओढलं. कौस्तुभ आईकडे बघायला लागला. उत्कर्षाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आत चल," ती म्हणाली.

"कावून? इथंच बोला ना. आतापर्यंत इथंच सांगत होत्या."

"ठीक आहे, इथंच." उत्कर्षा उठली. "मी मागितलं होतं तुझं दूध? मी शुद्धीवर नव्हते. घरी आले तेव्हा माझे टाके ओले होते, पण मला पान्हा फुटत होता. तो घरी आला तेव्हाही माझा ब्लाऊज भिजायचा, प्राची. मी तुझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायचे. आठवतं? म्हणायचे, एकदा मला लावून बघू दे. तू काय म्हणायचीस?"

प्राचीनं टीपॉयवरचं ताट उगाच सरळ केलं.

"म्हणायचीस, झोपलाय तो, ताई. उठवू नका. रोज झोपलेला असायचा. आईंनी तुला सांगितलं असेल, पण हात तुझेच होते. तुला आवडत होतं ते. सगळं घर तुझ्याभोवती फिरत होतं. माझं मूल रडलं की तुझ्याकडे बघायचं. मी त्याला दीड वर्षं पाजलं म्हणून सांगते, कारण मला त्याला पाजायचं होतं. तुझी पोरगी गेली असेल वाट्याला मुकून. माझा तर अख्खा पोरगा नेला होतास तू."

हे प्राचीला लागलं, कारण ते तिला आठवत होतं. दारातली उत्कर्षा, गाऊनवर दोन ओले डाग, आणि आपण पाठ फिरवून मुलाला थोपटतोय. तिनं ते आजपर्यंत आठवायचं टाळलं होतं.

"खोटं बोलून राहिल्या तुम्ही," ती म्हणाली. पण आवाज पडला होता.

पाहुण्या बायका पर्सा शोधायला लागल्या. वच्छलाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जेवून जा बायांनो. घरात हे चालतेच." कुणी जेवलं नाही.

त्या दिवसापासून दोन्ही जावांचं बोलणं तुटलं. स्वयंपाक एकीनं सकाळी करायचा, दुसरीनं संध्याकाळी. मध्ये मुलांमार्फत निरोप. धनंजय प्राचीसमोर यायचा बंद झाला. तिला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

आठवड्याभरानं दुपारी मुलांच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली. प्राची धावली. कौस्तुभचा पोहण्याचा चष्मा जमिनीवर पडला होता, पट्टा कात्रीनं दोन जागी कापलेला. कात्री शर्वरीच्या हातात होती. कौस्तुभ रडत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती, "मेरा दूध पिया तूने! तेरी वजह से मुझे दमा हुआ! चोर!"

ओरडता ओरडता तिचा श्वास अडकला. शिट्टी सुरू झाली, ओठ निळसर झाले. प्राचीनं तिला मांडीवर ओढून पंप दिला, पाठ चोळली. पोरगी तिच्या हातात धपापत होती आणि तरीही डोळे कौस्तुभवरच होते. ते डोळे प्राचीला ओळखीचे वाटले. जेवताना कौस्तुभला वाढताना तिचेही तसेच होत असणार.

श्वास बसल्यावर शर्वरी म्हणाली, "तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर?"

दुसऱ्या दिवशी प्राची तिला घेऊन परत दुर्गला गेली. पोरीला खुर्चीवर बसवून ती डॉक्टरांना म्हणाली, "मागच्या वेळी जे सांगितलं ते हिच्यासमोर पुन्हा सांगा. पूरा."

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी शर्वरीकडे वळून सांगितलं. माझ्याकडे दोन-दोन वर्षं आईचं दूध प्यायलेली मुलंही येतात, त्यांनाही दमा असतो. डब्याच्या दुधावर वाढलेली कितीतरी मुलं ठणठणीत असतात. दूध मिळालं असतं तर कदाचित थोडा फरक पडला असता, कदाचित अजिबात नाही. तुला हे कुणामुळे झालं, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. आणि तुझ्या भावामुळे तर नाहीच.

"तो मेरा भाई नहीं है," शर्वरी म्हणाली.

डॉक्टरांनी ते सोडून दिलं आणि प्राचीकडे पाहिलं. "जो हो गया उसे छोड़िए. अभी घर में धुआँ होता है क्या? मैंने पिछली बार भी पूछा था."

प्राचीला तेव्हा कुठं ऐकू आलं. वच्छलाबाई रोज सकाळ-संध्याकाळ गोवरीच्या निखाऱ्यावर धूप-गुग्गुळ घालून घरभर फिरवायच्या. शर्वरीच्या बिछान्याभोवती तर मुद्दाम जास्त, इडापिडा जावी म्हणून.

त्या संध्याकाळी वच्छलाबाई धुपाटणं घेऊन देवघरातून निघाल्या तेव्हा प्राची वाटेत उभी राहिली. "आजपासून धूर बंद. डॉक्टरांनी सांगितलं."

"देवाच्या धुरानं कोनी मरत नाही."

"पोरीच्या खोलीत नेऊ नका."

"माह्या घरात मी कुठं जायचं ते तू सांगशील?"

प्राचीनं ओट्यावरचा तांब्या घेतला आणि निखाऱ्यावर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, राखेचं पाणी वच्छलाबाईंच्या लुगड्यावर उडालं. सुशील धावत आला. "आई! प्राची! काय चाललंय?"

वच्छलाबाईंनी धुपाटणं खाली ठेवलं. "ऐकायचंच हाय ना तुले? ऐक. मले सुशील-धनंजयच्या आधी एक पोरगा झाला होता. याच भिलाईत. तुहे सासरे यवतमाळाहून नोकरीले आले, मले घेऊन आले. ना सासू, ना नणंद, ना जाऊ. आजूबाजूले सारी परकी बोली. मले ताप आला, दूध आटलं. गावी असती तर गल्लीतल्या कोन्यातरी बाईनं पदराखाली घेतलं असतं त्याले. इथं कोनाच्या दारात जाऊ? गाईच्या दुधात पानी घालून पाजलं. गेला. तवा मी ठरवलं, या घरात दुधावाचून पोरगं जानार नाही. नाही जाऊ दिलं. परत तशी येळ आली तर परत तेच करीन."

सुशीलला हे माहीत नव्हतं.

प्राचीनं रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. "तुमचं लेकरू गेलं, त्याचं मले वाईट वाटते," ती म्हणाली. "पन दोघांले पुरलं असतं, आई. तुम्ही एकदाही पाहू दिलं नाही. पोरगी होती म्हणून पाहू दिलं नाही. आणि वरून पाच वर्षं माह्या बापाचं नाव घेतलं."

वच्छलाबाई लुगड्यावरची राख झटकत देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

प्राची सुशीलला म्हणाली, "उद्या क्वार्टरचा अर्ज टाकायचा. नाही टाकला तर मी पोरीले घेऊन कुठंही राहीन, पन या धुरात नाही." चरोद्याला जाईन असं ती म्हणाली नाही. यार्डातली धूळ तिला माहीत होती. सुशीलनं या वेळी "आई म्हणते तसं" म्हटलं नाही. अर्ज टाकला.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना दुसऱ्या सेक्टरमध्ये दोन खोल्या मिळाल्या. सामान हलवताना वच्छलाबाई बाहेर आल्या नाहीत. कौस्तुभ खिडकीत उभा होता. शर्वरीनं मान वर केली नाही.

नव्या घरात धाप कमी झाली, गेली मात्र नाही. एप्रिलमध्ये दोनदा लागली, पावसाळ्यात पुन्हा लागली. आता दर वेळी कुणी देवघरातून बोलत नव्हतं. शर्वरी स्वतःच पंप काढायची आणि प्राची शेजारी बसून राहायची. वच्छलाबाई रविवारी सुशीलला जेवायला बोलवायच्या. तो जायचा, एकटा. परत आला की प्राची काही विचारायची नाही आणि तो काही सांगायचा नाही.

पावसाळा संपताना सेक्टर सहाच्या बाजारात भाजीच्या गाड्यापाशी प्राचीला उत्कर्षा भेटली. दोघींच्या हातात पिशव्या होत्या, बाजूला सरायला जागा नव्हती.

"शर्वरी कशी आहे?" उत्कर्षानं विचारलं.

"बरी आहे."

"मी त्या दिवशी बोलले ते खरं होतं," उत्कर्षा म्हणाली.

"माहीत आहे मले." प्राचीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "दम्याचं मी बोलली ते खोटं होतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. बाकीचं खरं होतं."

"कौस्तुभला सांगू का हे? तो अजून विचारतो, काकूच्या पोरीला माझ्यामुळे झालं का."

"सांगा," प्राची म्हणाली. "तुम्हीच सांगा. मी नाही येनार."

उत्कर्षानं मान हलवली. भाजीवाल्यानं विचारलं, "दीदी, टमाटर कितना?" दोघींनी एकदमच आपापली उत्तरं दिली, आणि त्यानं आधी उत्कर्षाचे तोलले. ती गेल्यावर प्राचीनं आपले घेतले. घरी जाऊन तिनं शर्वरीला सांगितलं की बाजारात मोठी आई भेटली होती.

"काय म्हणाली?"

"तुझं विचारत होती."

शर्वरी वहीत मान घालून म्हणाली, "मले नाही बोलायचं त्यांच्याशी," आणि प्राचीनं तिला बोल असं सांगितलं नाही. कणीक मळायला घेतली.